पोस्टवरून पोलिसांचा फोन आला तर : काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

फेसबुकवरची एखादी पोस्ट, व्हॉट्सअॅपचं स्टेटस, कुणाच्या व्हिडिओखाली लिहिलेली दोन वाक्यं. मग एक दिवस फोन येतो, "साहेबांनी बोलावलंय, येऊन जा." यापुढे बहुतेक जण त्याच त्या गोष्टी करतात. आधी पोस्ट उडवतात, मग धावत ठाण्यात जातात. तिथे फोन अनलॉक करून टेबलावर ठेवतात, सांगितला तसा माफीनामा लिहून देतात आणि घरी परतल्यावर वकील शोधायला लागतात. हा क्रम बरोबर उलटा हवा.

तोंडी बोलावण्याची जबाबदारी कुणावरच येत नाही. "आम्ही बोलावलंच नव्हतं, ते स्वतःहून आले होते" असं उद्या सहज म्हणता येतं. कागदावर मात्र कलम, तारीख, अधिकाऱ्याचं नाव आणि सही असते, आणि त्या सहीला कोर्टात जाब विचारता येतो. म्हणून खालच्या प्रत्येक टप्प्यात एकच आग्रह आहे : आधी कागद, मग बोलणं.

हा लेख मत मांडलं, टीका केली, प्रश्न विचारला म्हणून बोलावणं आलेल्यांसाठी आहे. कुणाला मारायची चिथावणी दिली असेल, धमकी दिली असेल, कुणाचा फोटो बदलून अश्लील केला असेल, तर तो प्रश्न अभिव्यक्तीच्या हक्काचा राहत नाही. यूएपीए (दहशतवादी आणि बेकायदा कारवायांविरोधातला कायदा) किंवा राष्ट्रीय सुरक्षा कायद्याचं नाव निघालं, तर जामिनाचे आणि कोठडीचे नियमच बदलतात. अशा वेळी लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी फौजदारी कामाचा अनुभवी वकील गाठा.

## १. फोन येण्याआधीची तयारी

ही तयारी शांत डोक्यानं आणि आजच करायची.

फौजदारी प्रकरणं चालवणाऱ्या एका वकिलाचा नंबर कागदावर लिहून घरात ठेवा. फोन जप्त झाला की त्यातला नंबर निरुपयोगी होतो. घरातल्या एका माणसाला हा लेख वाचून दाखवा, कारण अटकेची खबर पोलीस त्यालाच देणार आणि धावपळही त्यालाच करावी लागणार. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१०० आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि कोठडीत असलेला कुणीही यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट लागत नाही.

फोनमधल्या कामाच्या गोष्टींचा नियमित बॅकअप घ्या. बँक, यूपीआय, ईमेल सगळं एकाच सिमवर अवलंबून असेल, तर फोन गेल्यावर तुमचे आर्थिक व्यवहारही थांबतील. फोनचा आयएमईआय नंबर, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, *#०६# डायल करून पाहा आणि वहीत लिहून ठेवा. पुढे जप्तीच्या पंचनाम्यात तो लागणार आहे.

लिहितानाची एक सवय अंगी लावून घ्या. पोस्टमध्ये एखादी घटना घडली असं सांगत असाल, तर ती कुठे वाचली याचा पुरावा त्याच दिवशी साठवा. "मला हे धोरण चुकीचं वाटतं" या वाक्याला पुरावा लागत नाही. "अमक्यानं पैसे खाल्ले" या वाक्याला लागतो.

## २. फोन आला : आधी खरा की खोटा ते ठरवा

सावधान : व्हिडिओ कॉलवर कुणी गणवेशात बसून "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कॉल कट करू नका" म्हणत असेल, तर तो भामटा आहे. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट भारतातल्या कोणत्याही कायद्यात नाही. फोन ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

फोन खरा वाटला तरी चर्चा करू नका, खुलासा देऊ नका. नम्रपणे पाच गोष्टी विचारा आणि लिहून घ्या : बोलणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, पोलीस ठाणं, तक्रार अर्ज आहे की गुन्हा दाखल झालाय, गुन्हा असेल तर गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि कलमं, आणि तपास अधिकारी कोण. मग एवढंच म्हणा, "मी सहकार्य करायला तयार आहे. कृपया लेखी नोटीस पाठवा." याहून एक वाक्यही जास्त बोलायची गरज नाही. फोनवर "हो, मीच लिहिलं होतं, पण माझा उद्देश तसा नव्हता" असं म्हणून मोकळे होणारे लोक तपासाचं निम्मं काम स्वतःच करून देतात.

त्यानंतर त्या ठाण्याचा नंबर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून स्वतः शोधा आणि ठाणे अंमलदाराला विचारून खात्री करा. ज्या नंबरवरून फोन आला त्याच नंबरवर उलट फोन करून खात्री होत नसते.

गुन्हा दाखल झाला असेल तर एफआयआरची प्रत बहुधा ऑनलाइन मिळते. संवेदनशील प्रकरणं वगळता एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. ठाणं आणि वर्ष टाकून शोधा, सापडली की लगेच उतरवून घ्या. संवेदनशील म्हणून टाकली नसेल, तर आरोपीला प्रत मिळवण्यासाठी वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

## ३. पोस्टला हात लावण्याआधी पुरावा

पहिली घबराट पोस्ट उडवायला लावते. थांबा. दोन कारणं आहेत.

एक, पुरावा म्हणून सादर होऊ नये या हेतूनं इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या (१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम २४१ खाली वेगळा गुन्हा आहे. मूळ पोस्टमध्ये काही नसताना ती उडवल्याचंच प्रकरण अंगाशी येऊ शकतं. दोन, तक्रारदाराकडे कापलेला स्क्रीनशॉट असतो. त्याच्या वर तुम्ही काय लिहिलं होतं आणि कुणाच्या कोणत्या वाक्याला उत्तर दिलं होतं, हे फक्त तुमच्याकडे असतं. तेच उडवलंत तर कापलेला तुकडाच खरा ठरतो.

म्हणून पूर्ण पोस्ट, तिची लिंक, तारीख-वेळ, खालच्या सगळ्या प्रतिक्रिया आणि ज्या मजकुराला उत्तर दिलं तो मजकूर असे स्क्रीनशॉट घ्या. शक्य असेल तर लिंक दिसेल अशा पद्धतीनं संपूर्ण पानाचं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. व्हॉट्सअॅप ग्रुपमधलं असेल तर चॅट एक्स्पोर्ट करा. एक प्रत वकिलाला ईमेलनं पाठवा म्हणजे तारखेची नोंद राहते. मूळ फोन फॉरमॅट करू नका, विकूही नका. साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते देण्यासाठी मूळ यंत्र हाताशी असलेलं बरं.

पोस्टमुळे खरंच कुणाच्या जिवाला धोका होत असेल किंवा गावात तणाव वाढत असेल, तर ती काढणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण आधी वरचं सगळं जतन करा, वकिलाशी बोला आणि मग काढा.

## ४. कागद ओळखा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण लोक प्रत्येक कागदाला "नोटीस" म्हणतात आणि सगळ्यांना एकच उत्तर देतात. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि कलमांचे आकडे बदलले. ठाण्यात अजूनही जुने आकडे बोलले जातात, म्हणून दोन्ही माहीत हवेत.

कलम ३५(३), जुनं ४१-अ. म्हणजे तुम्ही संशयित किंवा आरोपी आहात, पण पोलिसांना या घडीला अटकेची गरज वाटत नाही. दिलेल्या तारखेला हजर राहणं बंधनकारक आहे. बदल्यात संरक्षण मिळतं : तुम्ही नोटीस पाळत राहिलात तर अटक करता येत नाही, आणि करायचीच असेल तर अधिकाऱ्याला कारणं लेखी नोंदवावी लागतात. ही नोटीस टाळणं हा सर्वांत महागात पडणारा हट्ट आहे, कारण न पाळल्यास त्याच कारणावरून अटक होऊ शकते. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलेलं आहे. गुन्हा तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा असेल आणि व्यक्ती ६० वर्षांवरची किंवा दुर्बल असेल, तर अटकेआधी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते.

कलम १७९, जुनं १६०. हे साक्षीदाराला बोलावणं आहे. तेही लेखीच असावं लागतं, आणि तुम्ही त्या ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीत राहत असलात तरच लागू होतं. कोणतीही स्त्री, १५ वर्षांखालचा मुलगा, ६० वर्षांवरचा पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना या कलमाखाली ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी येऊन विचारायचं असतं. मात्र ३५(३) मध्ये ही सवलत लिहिलेली नाही, हे विसरू नका. कागदावरचा आकडा बघूनच "मी येणार नाही" म्हणा.

कलम ९४, जुनं ९१. एखादं कागदपत्र, इलेक्ट्रॉनिक नोंद किंवा यंत्र हजर करा, असा आदेश. हा इलेक्ट्रॉनिक पद्धतीनंही येऊ शकतो. "फोन घेऊन या" असं लिहिलं असेल तर ठाण्याकडे निघण्याआधी वकिलाकडे जा. आरोपीला स्वतःविरुद्ध पुरावा द्यायला भाग पाडता येत नाही, हे संविधानाचं कलम २०(३) इथे पुढे येतं.

कलम १६८, जुनं १४९. मोर्चा, सण, निवडणूक आली की महाराष्ट्रात ही नोटीस सर्रास दिली जाते आणि लोक तिला घाबरून लिहिणंच बंद करतात. दखलपात्र गुन्हा (ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय करू शकतात तो) रोखण्यासाठी दिलेली ती समज असते. ती मिळाल्यानं तुम्ही आरोपी होत नाही. घेताना "प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही" असं लिहून तारीख-वेळेसह सही करा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.

आता व्हॉट्सअॅपवर आलेल्या नोटिशीचं काय? कलम ३५ आणि १७९ च्या नोटिसा व्हॉट्सअॅप किंवा तत्सम माध्यमानं बजावू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. हरियाणा सरकारनं हा आदेश बदलून मागितला, तेव्हा जुलै २०२५ मध्ये ती मागणीही फेटाळली. पण म्हणून आलेला मेसेज दुर्लक्षित ठेवू नका. त्याच माध्यमावर आणि ठाण्याच्या ईमेलवर लेखी उत्तर द्या : "नोटीस पाहिली. कायद्यात सांगितलेल्या पद्धतीनं माझ्या पत्त्यावर बजावावी, मी हजर राहीन." गप्प बसलात तर "फरार होते" असं लिहायला जागा मिळते. उत्तर दिलंत की ती जागा बंद होते.

तपासून घ्या : कागदावर कलम, गु.र.नं. किंवा अर्ज क्रमांक, तारीख, हजर राहण्याची वेळ, अधिकाऱ्याचं नाव, सही आणि शिक्का आहे का? एखादी गोष्ट नसेल तर ती लेखी मागा. दिलेली तारीख जमत नसेल तर तीही लेखी कळवा, कारण सांगा, दुसरी तारीख सुचवा आणि आवक शिक्का मारलेली पोच घ्या.

## ५. कलमं वाचा

गुन्हा दाखल झाला असेल तर कोणती कलमं लावली आहेत, यावर पुढची चाल ठरते.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ दिसलं, तर तो कागद जपून ठेवा. हे कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. २०१२ मध्ये पालघरला दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून झालेली अटक ही त्या याचिकेमागची घटना होती. रद्द झाल्यावरही पोलीस ते लावत राहिले, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावे लागले. त्याच कायद्यातल्या इतर कलमांचा तपास पोलीस निरीक्षकाहून खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही. तुमचा तपास अधिकारी उपनिरीक्षक असेल तर ती बाब वकिलाच्या कानावर घाला.

भारतीय न्याय संहितेतली नेहमी दिसणारी कलमं म्हणजे १९६ (गटांमध्ये शत्रुत्व), २९९ (धार्मिक भावना) आणि ३५३ (अफवा किंवा प्रक्षोभक विधान). त्यांची मूळ शिक्षा तीन वर्षांपर्यंतची आहे. कलम १५२ (देशाचं सार्वभौमत्व आणि एकता) वेगळंच आहे. त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा असल्यानं ते लागलं की अटकपूर्व जामिनाचा विचार त्याच दिवशी करायचा. बदनामीचं कलम ३५६ अदखलपात्र आहे. कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही, त्यामुळे "साहेबांची बदनामी केलीस, ये ठाण्यात" हे बोलावणं मुळातच कमकुवत असतं.

पोस्ट १ जुलै २०२४ पूर्वीची असताना तिला न्याय संहितेची नवी कलमं लावली असतील, तर तेही वकिलाला दाखवा.

तीन निकाल छापून जवळ ठेवण्यासारखे आहेत. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाविरुद्धचा गुन्हा रद्द केला. अनुच्छेद ३७० हटवण्यावर टीका करणारं आणि पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणारं व्हॉट्सअॅप स्टेटस त्यांनी ठेवलं होतं. सरकारच्या निर्णयाला विरोध करण्याचा हक्क लोकशाहीचा भाग आहे, असं न्यायालय म्हणालं. २८ मार्च २०२५ ला इम्रान प्रतापगढी प्रकरणात एका कवितेवरून दाखल झालेला गुन्हा रद्द झाला. शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसाच्या नजरेतून मोजायचा, सतत असुरक्षित वाटणाऱ्याच्या नजरेतून मोजायचा नाही, हे त्यात स्पष्ट केलं. शिवाय तीन ते सात वर्षं शिक्षेच्या अशा आरोपांत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली आधी प्राथमिक चौकशी करणं योग्य, असंही सांगितलं. ही चौकशी १४ दिवसांत संपवायची असते. तुमच्या प्रकरणात ती झाली का, हा प्रश्न लेखी विचारा. तिसरा निकाल ग्रुप अॅडमिनसाठी : सभासदाच्या पोस्टबद्दल अॅडमिनला आपोआप दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं आहे. "मी फक्त फॉरवर्ड केलं" या बचावावर मात्र फार भरवसा ठेवू नका.

सावधान : कलम १५२, १९६, २९९ आणि ३५३(१) मध्ये सरकारची पूर्वमंजुरी असल्याशिवाय कोर्ट खटल्याची दखल घेऊ शकत नाही (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१७). ही मंजुरी खटल्यासाठी आहे. तपास किंवा अटक तिच्यामुळे थांबत नाही.

## ६. वकिलाकडे जाताना काय न्यायचं

एफआयआर किंवा नोटीस, पूर्ण पोस्टचे स्क्रीनशॉट, फोन कुणाचा कधी आला याची टिपणी आणि ओळखपत्र. वकिलाला तिखटमीठ न लावता सगळं सांगा, पूर्वीची भांडणं आणि पक्षीय संबंधसुद्धा.

अटकेची खरी भीती असेल तर अटकपूर्व जामीन मागायचा. इथे आकड्यांचा गोंधळ होतो : नव्या संहितेत कलम ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जुन्या संहितेत ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकार. तो अधिकार आता कलम ५२८ मध्ये आहे. इंटरनेटवरून उतरवलेले जुने नमुने वापरून अर्ज केले की इथेच फसगत होते. अटकपूर्व जामिनासाठी साधारणपणे आधी सत्र न्यायालयात जातात. गुन्हा दुसऱ्या राज्यात दाखल असेल तर तिथल्या कोर्टात पोहोचेपर्यंत आपल्याच जिल्ह्यातून तात्पुरतं संरक्षण मागता येतं. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये हे मान्य केलं आहे.

एकाच पोस्टवरून वेगवेगळ्या ठाण्यांत गुन्हे दाखल करून माणसाला दमवणं हा जुना डाव आहे. अशा वेळी प्रत्येक ठिकाणी धावत बसू नका. सगळे गुन्हे एकत्र करावेत किंवा रद्द करावेत, म्हणून वरच्या न्यायालयात एकच अर्ज करण्याबद्दल वकिलाशी बोला.

## ७. ठाण्यात

एकटे जाऊ नका. दिवसा जा. नोटीस, ओळखपत्र आणि आधीच टाइप करून आणलेलं एक पानी लेखी निवेदन जवळ ठेवा. आत गेल्यावर हजेरीची नोंद स्टेशन डायरीत करायला सांगा. कलम ३५(३) ची हजेरी असेल तर हजर राहिल्याची पोच मागा.

जबाबाचं नीट समजून घ्या. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१ तसं स्पष्ट सांगतं. ज्या उत्तरानं तुम्ही गुन्ह्यात अडकू शकता ते उत्तर देण्याची सक्तीही नाही. पण गुन्हा दाखल व्हायच्या आधी, नुसत्या अर्ज चौकशीत, जबाबावर सही मागण्याची पद्धत आहे. तेव्हा तुमचं टाइप केलेलं निवेदन द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. निवेदनात एवढं पुरे : मी अमुक तारखेच्या नोटिशीनुसार हजर आहे, सहकार्य करत आहे, पोस्ट पूर्ण संदर्भासह वाचावी, बाकी खुलासा वकिलामार्फत देईन. कोऱ्या कागदावर सही करू नका. लिहिलेला मजकूर समजत नसेल तर वाचून दाखवायला सांगा.

माफीनामा आणि माफीचा व्हिडिओ हा आज सर्वांत जास्त वापरला जाणारा दबाव आहे, आणि मला तो सर्वांत घातक वाटतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे तुमच्याविरुद्ध सिद्ध करता येत नाही. पण तीच कबुली स्वतःच्या अकाउंटवर टाकलीत, तर ते संरक्षण तुम्हीच बाजूला सारता. "माफी माग, विषय संपव" म्हणणारा अधिकारी तक्रारदाराला गुन्हा नोंदवण्यापासून अडवू शकत नाही, त्यामुळे त्या शब्दावर विसंबू नका. कुणाचं मन खरंच दुखावलं असेल आणि तुम्हाला माफी मागायची असेल, तर ती वकिलाशी बोलून, तुमच्या शब्दांत, तुमच्या वेळी मागा.

ठाण्यात आवाज चढवू नका. पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्याखाली "प्रतिबंधित जागा" नाही, त्यामुळे तिथे चित्रीकरण केलं म्हणून त्या कायद्याचा गुन्हा लागत नाही, असं नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये सांगितलं आहे. तरी वकील सोबत असताना चित्रीकरणाच्या वादात शिरण्यापेक्षा शांतपणे टिपणं काढा : किती वाजता आत, किती वाजता बाहेर, कोण काय म्हणालं.

## ८. फोन मागितला तर

"जरा बघू दे" म्हणून मागितलेला फोन आणि जप्त केलेला फोन यांत मोठा फरक आहे. पहिल्याला "लेखी आदेश द्या, पंचनामा करा" हे उत्तर. हिसकावाहिसकवी करू नका. अडथळा आणल्याचा वेगळा गुन्हा लागेल.

जप्तीच होत असेल तर पंचनाम्यावर लक्ष ठेवा. झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नं बंधनकारक केलं आहे, घराच्या झडतीला परिसरातले दोन पंच लागतात. पंचनाम्यात मॉडेल, आयएमईआय, सिमचे नंबर, मेमरी कार्ड, फोन चालू की बंद, आणि तुमच्यासमोर सीलबंद केला का, हे लिहिलेलं असावं. प्रत मागा. फोनमधल्या माहितीची हॅश व्हॅल्यू (त्या माहितीवरून काढलेला, तिच्यात बदल झाला की बदलणारा आकडा) नोंदवावी, अशीही लेखी विनंती करा. ती नोंदवली की नंतर आत काही घातलं किंवा काढलं गेलं, तर ते उघड होतं.

पासवर्ड द्यायचा का? उच्च न्यायालयांचे आणि खालच्या कोर्टांचे निर्णय एकाच दिशेचे नाहीत. ठाण्यात उभ्या उभ्या निर्णय घेऊ नका. "वकिलाशी बोलून लेखी उत्तर देतो" इतकंच म्हणा.

## ९. अटक झालीच तर

हा भाग घरच्यांसाठी.

- अटक पंचनामा झाला का, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही आहे का, ते पाहा.
- अटकेची कारणं लेखी, अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत मिळायला हवीत. मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र शासन या निकालात (६ नोव्हेंबर २०२५) सर्वोच्च न्यायालयानं हे सर्व गुन्ह्यांना लागू केलं. ताबडतोब देणं शक्य नसेल तर दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी द्यावीच लागतात. "कलम अमुक" एवढं सांगणं म्हणजे कारण देणं नव्हे.
- प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करायला हवं. हे तास माणसाला ठाण्यात अडकवून ठेवलं तेव्हापासून मोजा आणि ती वेळ वकिलाला सांगा.
- स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्यानं दंडाधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते.
- वैद्यकीय तपासणीत अंगावरची प्रत्येक खूण डॉक्टरांना दाखवायला सांगा.

रिमांडच्या, म्हणजे पोलीस कोर्टाकडे कोठडी मागतात त्या वेळी वकिलानं विचारायचा प्रश्न सरळ आहे : पोस्ट सगळ्यांना दिसते आहे, फोन जप्त आहे, मग पोलीस कोठडी कशासाठी? पुण्यातल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीला मे २०२५ मध्ये पोस्टवरून अटक झाली होती. पोस्ट तिनं लगेच काढली होती, माफीही मागितली होती. तिची सुटका अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं झाली, आणि कॉलेजनं तिला काढून टाकण्याच्या निर्णयालाही न्यायालयानं स्थगिती दिली. माफीनं अटक टळत नाही, हे त्यातून दिसतंच. कॉलेज किंवा नोकरीच्या ठिकाणाहून कारवाई झाली, तर तिला वेगळं आव्हान द्यावं लागतं, हेही घरच्यांनी ध्यानात ठेवावं.

जामिनाच्या अटी वाचूनच सही करा. "यापुढे सोशल मीडियावर काहीही लिहिणार नाही" अशी अट घातली असेल तर तिला आव्हान द्या. जुलै २०२२ मध्ये पत्रकार मोहम्मद झुबेर यांना जामीन देताना त्यांना ट्विट करण्यापासून रोखावं ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं मान्य केली नव्हती.

## १०. पोस्ट किंवा अकाउंट बंद केलं असेल तर

पोलीस ठाण्यात न बोलावताही बोलणं बंद करता येतं, थेट कंपनीला आदेश देऊन. कंपनीकडून आलेला ईमेल जपून ठेवा. त्यात कायदेशीर मागणीवरून मजकूर रोखला असा उल्लेख असतो. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि आदेश कोणत्या कलमाखाली, कोणत्या अधिकाऱ्याचा आहे, हे विचारा. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. पोलिसांकडून गेलेली मागणी असेल तर एक मुद्दा तपासाच : नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार अशी मागणी खास नेमलेला, उपमहानिरीक्षक दर्जाहून खालचा नसलेला अधिकारीच करू शकतो, आणि तीही कारणांसह. साध्या ठाण्यातून गेलेल्या मेलवर मजकूर उडवला असेल, तर उच्च न्यायालयात तुमची बाजू भक्कम होते.

## ११. घरी परतल्यावर

दमून झोपण्याआधी सगळी हकिगत वेळेसह लिहा. मग हे अर्ज, याच क्रमानं.

आधी सीसीटीव्ही. ठाण्यातलं चित्रण १८ महिने जपावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा परमवीर सिंग सैनी प्रकरणातला आदेश आहे. तरी वाट न पाहता त्याच आठवड्यात ठाणे प्रभारी आणि अधीक्षकांना पत्र देऊन नेमक्या तारखेचं आणि वेळेचं चित्रण राखून ठेवायला सांगा. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. मारहाण किंवा बेकायदा डांबणं झालं असेल, तर हा सर्वांत मोलाचा पुरावा आहे.

मग तक्रार. अधीक्षक किंवा आयुक्त, त्यानंतर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि राज्य मानवी हक्क आयोग. आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत जावं लागतं.

फोन परत मिळवायचा असेल तर दंडाधिकाऱ्याकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली अर्ज करून सुपूर्तनाम्यावर (कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन अशा लेखी हमीवर) मागा. ठाण्यात खेटे घालून तो मिळत नाही.

शेवटी गुन्हा रद्द करण्याची याचिका, कलम ५२८ आणि अनुच्छेद २२६ खाली, आपल्या जिल्ह्याच्या खंडपीठापुढे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे, त्यामुळे या जिल्ह्यांतल्या लोकांनी जुन्या सवयीनं मुंबईचा वकील गाठण्याआधी तिथे चौकशी करावी. याचिकेला एफआयआर, नोटिसा, पोच, पूर्ण पोस्ट आणि तुमची टिपणं जोडायची.